दहाव्या खुर्चीचा हिशेब

मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येऊन टेकतो तेव्हा कोणी त्याच्याशी भांडत नाही. ‘जरा सरका’ म्हणायचं, अर्धं अंग बाकावर, अर्धं अधांतरी, आणि ठाण्यापर्यंत निभावून न्यायचं. बोइंग ७७७ या मोठ्या विमानातही हेच झालं आहे. फक्त इथे जास्तीचा माणूस आयत्या वेळी येत नाही, त्याची खुर्ची आधीच जमिनीला पक्की केलेली असते. आणि निभावायचं असतं न्यूयॉर्कपर्यंत. १९९५ मध्ये हे विमान प्रवाशांना घेऊन उडू लागलं तेव्हा इकॉनॉमीच्या एका ओळीत बहुतेक ठिकाणी नऊ खुर्च्या असत. आज बहुतेक कंपन्यांच्या ७७७ मध्ये दहा आहेत. विमानाच्या भिंती होत्या तिथेच आहेत. म्हणजे दहावीसाठी जागा आली ती बाकीच्या नऊ खुर्च्यांमधून आणि दोन्ही आईलमधून. खुर्ची अठरा-साडेअठरा इंचांवरून सतरावर आली. रात्री दिवे मंद झाल्यावर सरबताची ट्रॉली आईलमधल्या माणसाच्या कोपराला घासून जाते, त्यात ती ढकलणाऱ्या मुलीचा काही दोष नसतो.

लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेले आई-बाबा असोत, लंडनला शिकायला चाललेला भाचा असो, की कंपनीच्या कामासाठी सॅन फ्रान्सिस्को गाठणारे तुम्ही असा, तिकीट काढताना आपण तारीख बघतो, किंमत बघतो, किती किलोच्या किती बॅगा ते बघतो. ओळीत खुर्च्या किती, हे विचारायचं कोणाला सुचत नाही. आठ तासांच्या वरच्या प्रवासात हा आकडा कंपनीच्या नावापेक्षा, जेवणापेक्षा आणि पुढच्या पडद्यावरच्या सिनेमांपेक्षा जास्त मोलाचा आहे, असं माझं मत आहे. तो कसा शोधायचा आणि त्यावरून पैसे कुठे खर्च करायचे, ते आता बघू.

आधी कंपनीच्या बाजूचं गणित समजून घेऊ, म्हणजे कुठे घासाघीस करून उपयोग आहे आणि कुठे नाही ते कळतं. समजा, विमानात इकॉनॉमीच्या ३० ओळी आहेत. नऊच्या हिशेबानं २७० खुर्च्या, दहाच्या हिशेबानं ३००. विमान तेच, वैमानिक तेवढेच, उतरण्याचं भाडं जवळपास तेच. इंधन थोडं जास्त लागतं, पण विकायला खुर्च्या मिळतात अकरा टक्के जास्त. विमान कंपनीच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा साधारण चौथ्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असतो, आणि या धंद्यातला नफा बऱ्या वर्षातही जेमतेम चार-पाच टक्क्यांच्या घरात राहतो. अशा धंद्यात अकरा टक्के जास्तीचा माल जवळजवळ फुकटात मिळत असेल, तर हात आखडता कोण घेईल?

लांबच्या उड्डाणात वजनही भारी पडतं. विमानात जास्तीचं एक टन वजन चढवलं, तर ते वाहून नेण्यासाठी दर तासाला त्याच्या तीन-चार टक्के इंधन जळतं. पंधरा तासांच्या प्रवासात जवळजवळ अर्धा टन इंधन नुसतं त्या एका टनासाठी. म्हणून खुर्च्यांच्या पाठी पातळ झाल्या, गादीतला फोम कमी झाला, मासिकाचा खिसा गुडघ्यापासून वर सरकला. या पातळ पाठीचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा: दोन ओळींमधल्या त्याच ३१ इंचांत गुडघ्याला थोडी जास्त जागा मिळते. तोटा सहाव्या-सातव्या तासाला कळतो, बैठक दुखायला लागली की.

कंपन्यांना शिव्या देणं सोपं आहे. पण अमेरिकन एअरलाइन्सनं २००० साली आपल्या विमानांतल्या खुर्च्यांच्या ओळी काढून सगळ्या इकॉनॉमीत पायांना जास्त जागा दिली होती. जाहिरातही जोरात केली. प्रवासी खूश झाले आणि पुढचं तिकीट जिथे दहा-वीस डॉलर स्वस्त होतं तिथे काढून मोकळे झाले. काही वर्षांतच त्या ओळी परत बसल्या. एअरबसचं दुमजली ए३८० घ्या. २००७ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सनं ते सुरू केलं. शांत, ऐसपैस, खालच्या मजल्यावर ओळीत दहा खुर्च्या असूनही प्रत्येक अठरा इंचांच्या वर. प्रवासी आजही त्याचं नाव काढतात. पण चार इंजिनं आणि रोज भरायच्या पाचशेच्या आसपास खुर्च्या हे ओझं बहुतेक कंपन्यांना पेलवलं नाही. २०१९ मध्ये एअरबसनं उत्पादन बंद करत असल्याचं सांगितलं, आणि २०२१ च्या डिसेंबरात शेवटचं विमान एमिरेट्सच्या ताब्यात गेलं.

कायदा आपल्या मदतीला येईल अशी आशा फारशी धरू नका. विमानाला परवाना मिळताना जी कसोटी लागते ती जीव वाचवण्याची: निम्मे दरवाजे बंद ठेवून सगळे प्रवासी नव्वद सेकंदांत बाहेर पडले पाहिजेत. ए३८० ची ही चाचणी २००६ मध्ये हॅम्बर्गला झाली तेव्हा ८५३ प्रवासी आणि २० कर्मचारी ७८ सेकंदांत बाहेर आले होते. आराम मोजणारी अशी कसोटी नाही. अमेरिकेच्या संसदेनं २०१८ मध्ये खुर्चीचं किमान माप ठरवायला तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाला सांगितलं, त्यालाही बरीच वर्षं लोटली.

तेव्हा आपलं आपणच बघायचं. बघायच्या गोष्टी मुळात दोन आहेत आणि त्या दोन वेगवेगळ्या दुखण्यांची औषधं आहेत. पहिली पिच, म्हणजे तुमच्या खुर्चीच्या एका ठरावीक बिंदूपासून पुढच्या खुर्चीच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. इकॉनॉमीत हे बहुतेक ३१ ते ३२ इंच असतं. उंच माणसाचा, गुडघेदुखीवाल्याचा प्रश्न पिचचा. दुसरी रुंदी, खुर्चीच्या दोन हातांच्या मधली. रुंद खांद्यांचा, भरलेल्या अंगाचा, किंवा शेजारच्याचा स्पर्श झाला की झोप उडते अशा माणसाचा प्रश्न रुंदीचा. जाहिराती नेहमी पिचबद्दल बोलतात, कारण पिच जादा पैसे घेऊन विकता येते. रुंदी विमान निवडतानाच ठरून गेलेली असते. गूगल फ्लाइट्सवर प्रत्येक विमानापुढे पायांच्या जागेचे इंच आणि विमानाचं मॉडेल लिहिलेलं दिसतं, रुंदी लिहिलेली नसते. ती मॉडेलवरून आपण ओळखायची.

ओळखायची कशी? एअरबस ए३३० मध्ये बहुतेक ठिकाणी २-४-२ अशी मांडणी असते, म्हणजे ओळीत आठ, खुर्ची साधारण अठरा इंच. जोडप्यासाठी याच्याइतकं सोयीचं विमान नाही, कारण खिडकीकडे दोनच खुर्च्या आणि तिसरा अनोळखी माणूस नाही. मात्र काही स्वस्त कंपन्या यातही ३-३-३ करून नऊ बसवतात. बोइंग ७८७, ज्याला ड्रीमलायनर म्हणतात, ते आखताना ओळीत आठ खुर्च्या डोळ्यांपुढे होत्या. जवळजवळ सगळ्या कंपन्यांनी नऊ बसवल्या आणि रुंदी सतराच्या जरा वर उरली. जपान एअरलाइन्सनं मात्र आंतरराष्ट्रीय मार्गांवर आठच ठेवल्या. ए३५० मध्ये नऊ खुर्च्या अठरा इंचांच्या आसपास बसतात. ७७७ मध्ये ३-४-३ दिसलं की सतरा इंच धरून चाला. सोप्या शब्दांत, स्वस्त कंपन्या वगळल्या आणि भाडं सारखं असलं तर ए३५०, ए३८० किंवा ए३३० घ्या.

इथे एक गंमत सांगतो. २०१३ मध्ये एअरबसनं लांबच्या प्रवासात अठरा इंच हेच किमान माप असावं असा प्रचार सुरू केला. लंडनमधल्या निद्रातज्ज्ञांकडून चाचणी करून घेतली, आणि सतराऐवजी अठरा इंच मिळाले तर झोपेचा दर्जा ५३ टक्क्यांनी सुधारतो असं जाहीर केलं. चाचणीचा खर्च एअरबसचा आणि रुंद खुर्च्यांची विमानंही एअरबसचीच, त्यामुळे तो आकडा जरा जपूनच घ्यावा. पण पुढे त्याच एअरबसनं ए३५० च्या आतल्या भिंती पातळ करून चार इंच जागा काढली. ती प्रवाशांना मिळेल असं वाटलं असेल तर थांबा: तेवढ्यात ओळीत दहावी खुर्ची बसवण्याची सोय होते. फ्रेंच बी आणि एअर काराईब या फ्रेंच कंपन्या तर आधीपासूनच ए३५० मध्ये दहा बसवत होत्या. म्हणजे यापुढे ‘ए३५० आहे ना, मग झालं’ असं म्हणून चालणार नाही, मांडणी बघावीच लागेल. त्यासाठी एअरोलोपा ही साइट चांगली आहे. तिथे कंपनी आणि विमान निवडलं की खिडक्यांसकट मापात काढलेला नकाशा दिसतो. कोणत्या खुर्चीला खिडकीऐवजी नुसती भिंत आली आहे तेही कळतं.

७८७ च्या अरुंद खुर्चीला एक उतारा आहे. या विमानाचा आणि ए३५० चा सांगाडा मुख्यतः कार्बन फायबरच्या संमिश्र पदार्थाचा असल्यानं आतला हवेचा दाब जास्त ठेवता येतो. जुन्या विमानात आपण जवळपास ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर बसल्यासारखे असतो, या दोन्हींत सुमारे ६,००० फुटांवर. हवाही तुलनेनं कमी कोरडी. ज्यांना विमानात डोकं धरतं, घसा सुकतो, त्यांनी दोन इंच लेगरूमसाठी पैसे मोजण्याआधी विमान बदलून बघावं.

आता पैशाचा मुख्य प्रश्न: प्रीमियम इकॉनॉमी, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधली श्रेणी, घ्यावी का? मी यासाठी एक साधा हिशेब वापरतो. कंपनी तुम्हाला जमीन भाड्यानं देते आहे असं समजा. ७७७ च्या इकॉनॉमीत ओळीत दहा आणि पिच ३१, प्रीमियममध्ये ओळीत आठ आणि पिच ३८. गुणाकार केला की प्रीमियमची खुर्ची इकॉनॉमीच्या दीडपट जमीन व्यापते. ए३५० मध्ये, जिथे इकॉनॉमीतच नऊ आहेत, तिथे ही पट एक पूर्णांक चार दशांशाच्या आसपास येते. याच हिशेबानं आडवं होता येणारी बिझनेसची खुर्ची, ओळीत चार धरली, तर साधारण साडेतीनपट. मग भाडं बघा. प्रीमियम दीडपटीत मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. कंपनी तुम्हाला जमिनीच्या भावात देते आहे, वर चांगलं जेवण आणि एखादी जास्तीची बॅग. पावणेदोनपर्यंत वयस्कर माणसांसाठी, पाठीच्या दुखण्यासाठी विचार करावा. दुप्पट आणि त्यावर गेली की कंपनी कमावते आहे, आणि कमावतेच, म्हणून तर ही श्रेणी सगळीकडे वाढते आहे. एअर इंडियाच्या ए३५० मध्ये ३१६ पैकी २४ खुर्च्या या श्रेणीच्या आहेत. सिंगापूर एअरलाइन्सची गोष्ट तर फार बोलकी आहे. सिंगापूरहून नेवार्कला जाणारं थेट विमान त्यांनी २००८ पासून फक्त शंभर बिझनेस खुर्च्यांचं केलं होतं, पण ए३४० ची चार इंजिनं इंधन पीत राहिली आणि २०१३ मध्ये ते बंद झालं. २०१८ मध्ये ए३५० घेऊन तोच मार्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा विमानात १६१ खुर्च्या होत्या: ६७ बिझनेस, ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी एकही नाही. इतक्या लांबवर इकॉनॉमीचं भाडं परवडत नाही, हे कंपनीनं खुर्च्या मांडूनच सांगितलं. ऑस्ट्रेलियाची क्वांटास सिडनीहून थेट लंडन आणि न्यूयॉर्कसाठी जी ए३५०-१००० विमानं तयार करून घेते आहे, त्यांत २३८ च खुर्च्या आहेत, त्यातल्या १४० इकॉनॉमीच्या. त्या मोकळ्या जागेचा खर्च तिकिटातूनच निघणार.

इकॉनॉमीतच राहायचं असेल, आणि बहुतेकांना राहावंच लागतं, तर खुर्ची निवडताना डोकं लावा. सगळ्यांत पुढची, समोर भिंत असलेली खुर्ची जादा पैसे घेऊन विकली जाते. पाय लांब करता येतात हे खरं, पण जेवणाचा ट्रे आणि बऱ्याचदा पडदाही हाताच्या दांड्यात घडी करून ठेवलेला असतो. त्यामुळे दांडा जाड होतो, वर उचलता येत नाही आणि रुंदी आणखी कमी होते. बाळाचा पाळणाही याच भिंतीला लागतो, तेव्हा रात्रभर शेजारी कोण असेल याचा नेम नाही. संकटकालीन दाराजवळच्या ओळीत पाय मोकळे, पण उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पिशवी पायाशी ठेवता येत नाही आणि ज्येष्ठांना किंवा मुलांना ती जागा देत नाहीत. उंच, सडपातळ माणसानं या जागांना पैसे मोजावेत. रुंद माणसानं मोजू नयेत, त्याला तिथे आणखी अडचण होते.

जोडप्यासाठी एक युक्ती. विमान शेपटीकडे निमुळतं होत जातं, त्यामुळे दहा खुर्च्यांच्या बऱ्याच ७७७ मध्ये शेवटच्या काही ओळींत खिडकीकडे तीनऐवजी दोनच खुर्च्या उरतात. भिंत आणि खुर्ची यांत थोडी फटही राहते, तिथे उशी आणि पिशवी छान मावते. शेवटचीच ओळ मात्र टाळा, पाठ मागे जात नाही आणि टॉयलेटचा दरवाजा रात्रभर वाजतो. धक्के कमी हवे असतील तर पंखांच्या वरच्या ओळी बऱ्या. आवाज कमी हवा असेल तर पंखांच्या पुढे.

आई-बाबांचं तिकीट काढताना बहुतेक मुलं एक गोष्ट चुकीची गृहीत धरतात: मध्ये थांबा घेतला की प्रवास सुसह्य होतो. थांबा कुठे आहे त्यावर ते ठरतं. मुंबईहून दुबई जेमतेम तीन तास आणि तिथून न्यूयॉर्क चौदा. म्हणजे मध्यरात्री उठून विमान बदललं, आणि लांबचा टप्पा तर जवळजवळ होता तेवढाच राहिला. याउलट लंडन किंवा फ्रँकफर्टला थांबलं तर नऊ-साडेनऊ आणि आठ तास असे दोन सारखे तुकडे पडतात. पाय मोकळे होतात, चार पावलं चालणं होतं. ट्रान्झिट व्हिसाची अट तेवढी तिकीट काढण्याआधी तपासा. विमानतळावर लांब चालणं जमत नसेल, भाषेची धास्ती असेल, तर थेट विमानच बरं, आणि दोघांनाही आईलची सीट द्या, एकाला आईलच्या अलीकडे, दुसऱ्याला पलीकडे. म्हणजे एकाला उठायचं झालं की दुसऱ्याला जागं करावं लागत नाही आणि टॉयलेटला जायला नको म्हणून माणसं पाणी पिणं बंद करतात तेही होत नाही.

बसून राहण्याचा धोका खरा आहे, पण घाबरून जाण्याइतका नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासानंतर पायातल्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, तरी तो सहा हजारांत एकाच्या आसपास राहतो. स्थूलता, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, हार्मोनच्या गोळ्या, आधी गुठळी झालेली असणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारून दाब देणारे मोजे घ्या. बाकीच्यांनी घोटे फिरवत राहावं, तासा-दोन तासांनी उठावं. आईलच्या सीटला म्हणूनही किंमत आहे.

लहान मुलं बरोबर असतील तर खुर्च्या शेजारी मिळाव्यात म्हणून घाबरून जादा पैसे भरण्याआधी हे लक्षात ठेवा: नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं एप्रिल २०२४ मध्ये भारतीय कंपन्यांना सांगितलं आहे की एकाच पीएनआरवर असलेल्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडील किंवा पालकांपैकी किमान एकाशेजारी जागा द्यावी. परदेशी कंपनीचे नियम वेगळे असू शकतात, ते विचारून घ्या.

शेवटचं काम तिकीट काढून झाल्यावरचं. कंपन्या ऐनवेळी विमान बदलतात, आणि मग ए३५० च्या भरवशावर घेतलेली तुमची खिडकी दुसऱ्याच विमानात मधली सीट होऊन बसते. बुकिंगमधलं विमानाचं मॉडेल महिन्यातून एकदा बघा, शेवटच्या आठवड्यात दोनदा. बदललं असेल तर लगेच फोन करून जागा मागा. पैसे भरून घेतलेली जागा गेली असेल तर परतावा मागा, आपणहून कोणी देत नाही. वेब चेक-इन उघडण्याची वेळ कंपनीनुसार २४ किंवा ४८ तास आधीची असते. ते उघडल्या उघडल्या आत शिरा. वरच्या श्रेणीत रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी याच दिवसांत कंपन्या कमी पैशात बढती देऊ करतात, बोली लावायला सांगतात. बोलीचा आकडा तुमच्या मूळ भाड्यात मिळवा, आणि बेरीज प्रीमियमसाठी दीडपटीच्या आत बसत असेल तर लावून टाका.